गीझर चालू, तरी नळाला गार पाणी: दोष शोधायचा क्रम

गरम पाणी यायचं थांबलं की बहुतेक घरांत आधी कॉइल (पाणी तापवणारा भाग) बदलली जाते. काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते, तेव्हा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) बदलतात. तिसऱ्या वेळी कंटाळून नवा गीझर येतो आणि कधीकधी त्याचंही पाणी कोमटच लागतं. जळालेला भाग बरेचदा दुसऱ्याच दोषाची शिक्षा भोगत असतो. त्यामुळे पान्याला हात लावण्याआधी एवढंच ठरवायचं: पाणी तापतच नाही, तापतं पण नळापर्यंत पोचत नाही, की तापतं आणि पोचतं पण पुरत नाही? तिन्हींचं निदान वेगळं आहे आणि तिन्ही ओळखायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही.

वीज खर्च होते आहे का?

यासाठी घरातला विजेचा मीटर पुरतो. फ्रिज, पंप, इस्त्री असं सगळं जड बंद करा आणि फक्त गीझर चालू ठेवा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला किती पल्स ते मीटरवरच छापलेलं असतं. ३२०० पल्सचा मीटर असेल तर २ किलोवॉटचा गीझर मिनिटाला सुमारे १०७ पल्स देतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. १६०० पल्सचा असेल तर त्याच्या निम्मे. गीझर चालू केल्यावर दिवा असा धावू लागला तर कॉइलपर्यंत वीज पोचते आहे आणि कॉइल धडधाकट आहे. दिवा आधीइतकाच संथ राहिला तर टाकीतलं पाणी आधीच तापलेलं आहे किंवा सर्किट कुठेतरी तुटलेलं आहे. आकड्यांवरूनही पडताळता येतं: २ किलोवॉटचा गीझर ३ मिनिटांत ०.१ युनिट खातो.

गीझरवर दोन दिवे असतील तर त्यांचीही मदत होते. एक फक्त वीज आल्याचं सांगतो. दुसरा, 'हीटिंग'चा, बहुतेक मॉडेलमध्ये कॉइलला समांतर जोडलेला असतो. पहिला पेटलेला, दुसरा विझलेला आणि पाणी गार असेल, तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट (पाणी फार तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच) वीज पुढे जाऊ देत नाही. दोन्ही पेटलेले पण मीटर धावत नाही, तर कॉइल तुटलेली आहे. दोन्ही पेटलेले, मीटर धावतोय आणि तासाभरानेही पाणी कोमटच, तर कॉइलला दोष देऊ नका. टाकीतून गार पाणी सतत वाहून जातंय किंवा व्होल्टेज पडलेलं आहे.

व्होल्टेजचा हा मुद्दा फार दुर्लक्षित राहतो. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला २००० वॉट देणारी कॉइल १८० व्होल्टला जेमतेम १२२५ वॉट देते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला एरवी १८ मिनिटं लागतात, तिथे ३० लागतील. तक्रार ठरावीक वेळीच येत असेल, म्हणजे सगळ्यांच्या आंघोळी चालू असताना पाणी कोमट आणि दुपारी मात्र झकास गरम, तर आधी त्या वेळचं व्होल्टेज मोजा.

पाणी तापतंय, पण नळाला गार येतंय

सर्वात जास्त चुकीचे भाग याच ठिकाणी बदलले जातात. गीझरच्या बाहेर येणारा पाइप हाताला चटका देतो आणि नळाचं पाणी कोमट. कारण गार पाणी वाटेत कुठेतरी गरम पाण्याच्या लाइनमध्ये शिरतंय.

चाचणी सोपी आहे. गीझरचा स्विच बंद करा. गीझरला गार पाणी देणारा अँगल कॉक पूर्ण बंद करा. आता बेसिनचा फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. पाइपातलं उरलंसुरलं पाणी काही सेकंद येईल आणि धार तुटली पाहिजे. धार तशीच चालू राहिली, तर ते पाणी गीझरमधून येतच नाही. दुसऱ्या एखाद्या मिक्सरमधून उलटं येतंय. (अपवाद एकच: अँगल कॉक स्वतःच नीट बंद होत नसेल तर. गीझरच्या इनलेटचा फ्लेक्झिबल पाइप सोडून खाली बादली धरली की तेही कळतं. मात्र पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर टाकीतलं पाणीही त्याच वाटेने खाली येतं, म्हणून ते निवल्याशिवाय पाइप सोडू नका.)

उलटं पाणी येण्याची नेहमीची जागा म्हणजे हँड शॉवर किंवा जेटची बंदूक जोडलेला मिक्सर. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पाणी फक्त बंदुकीच्या खटक्याने अडवलं, की मिक्सरच्या पोटात गार आणि गरम लाइन एकमेकींना थेट जोडल्या जातात. गरम लाइनचा दाब गीझरमधून जाताना थोडा पडलेला असतो, म्हणून दुसरीकडे गरम नळ उघडला की गार पाणी तिकडे ढकललं जातं. तक्रार मग 'कधी येतं, कधी नाही' अशी असते, आणि ती बंदूक घरात कोण कशी वापरतं यावर ठरते. एका दांडीच्या मिक्सरमध्ये हाच दोष आतलं कार्ट्रिज झिजल्यावर येतो. दांडी बंद असली तरी सील दोन्ही लाइन वेगळ्या ठेवत नाही.

गुन्हेगार शोधताना वरची चाचणी चालू ठेवून प्रत्येक मिक्सरखालचे अँगल कॉक एकेक करून बंद करत जा. ज्याला बंद केल्यावर बेसिनची धार थांबली, तोच. बंदुकीमुळे असेल तर वापर झाल्यावर मिक्सरचे नळ बंद करायची सवय पुरते. कार्ट्रिज असेल तर ते बदला. सवयीवर भरवसा नसेल, आणि बऱ्याच घरांत तो नसतोच, तर त्या मिक्सरच्या गरम आणि गार दोन्ही फाट्यांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून टाका.

अशीच फसवणूक गीझरच्या आतही होते. खालून जोडलेल्या उभ्या गीझरमध्ये गार पाणी तळाशी शिरतं आणि गरम पाणी एका उंच नळीने टाकीच्या माथ्यावरून उचललं जातं. ही नळी गंजून मधेच तुटली की नळाला तळाचं गार पाणी जातं आणि माथ्याचं गरम पाणी वर तसंच अडकून राहतं. लक्षण असं: थर्मोस्टॅट वेळेवर बंद होतो, बाहेर कुठेही मिसळ नाही, तरी पहिल्या दोनतीन लिटरनंतर धार गार. नळी बदलून मिळत असेल तर ठीक. टाकीशी जोडलेली असेल तर गीझरचे दिवस भरले.

पाणी तापतच नाही

इथून पुढे विजेशी गाठ आहे. एमसीबी बंद करा, प्लग काढा, झाकण उघडल्यावर दोन्ही टर्मिनलना टेस्टर लावून खात्री करा आणि मगच हात घाला. टेस्टरचं काम नुसत्या स्विचवर सोपवू नये, कारण स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असला तर बंद करूनही फेज आत पोचलेली असते. नळाच्या पाण्याला हाताला झिणझिण्या येत असतील तर तपासण्या बाजूला ठेवा. एमसीबी बंद आणि गीझर वापरातून बाद, जोवर अर्थिंग आणि कॉइल दोन्ही तपासले जात नाहीत.

आधी प्लग बघा. २ किलोवॉटला जवळजवळ ९ अँपिअर आणि ३ किलोवॉटला १३ अँपिअर प्रवाह लागतो. हा भार ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा १० अँपिअरच्या टायमर-स्विचवर टाकला तर काही आठवड्यांत पिना तपकिरी होतात, प्लास्टिक वितळतं आणि संपर्क तुटतो. जागा १६ अँपिअरच्या सॉकेटची, तांब्याची वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची. काळवंडलेली पिन घासून परत लावू नका. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, कारण एक जुना राहिला की तो नव्यालाही जाळतो.

झाकणाच्या आत क्रम सहसा असा असतो: फेज आधी कटआउटमधून, मग थर्मोस्टॅटमधून, मग कॉइलकडे. कित्येक मॉडेलमध्ये पहिली दोन एकाच तुकड्यात असतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. पाणी गार असताना कटआउट आणि थर्मोस्टॅट दोन्हींच्या टोकांमध्ये जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. थर्मोस्टॅटचा नॉब शेवटापर्यंत मागे-पुढे फिरवताना 'टक' आवाज येतो. आवाज येऊनही मीटर काहीच दाखवत नसेल तर आतले संपर्क जळाले आहेत.

कॉइलच्या दोन्ही वायरी सोडून मोजा. २००० वॉटला सुमारे २६ ओहम, ३००० वॉटला सुमारे १८ ओहम. अमर्याद आले तर कॉइल तुटलेली आहे. मग एक टोक टर्मिनलला, दुसरं कॉइलच्या धातूच्या बुडाला लावा. तिथे काहीच वाचन येता कामा नये. एक पळवाट मात्र राहते: कॉइलच्या आवरणाला बारीक चीर असेल तर गार आणि कोरडं असताना साधा मल्टिमीटर ती पकडत नाही. गीझर पाच-दहा मिनिटं चालतो आणि मग आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. ही वेळ पाळणारी तक्रार जवळजवळ नेहमी चिरलेल्या कॉइलची असते. आरसीसीबी बदलून ती जात नाही, आणि तो काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला पुन्हा बोलावू नका.

कटआउट पुन्हा पुन्हा पडतं तेव्हा

थर्मोस्टॅटजवळचं लाल बटण दाबलं की गीझर चालू होतो, आठवड्याने परत बंद. बटण दाबणं ही दुरुस्ती नाही. कटआउट पडलं याचा अर्थ पाणी किंवा कॉइलचं बूड धोक्याच्या तापमानापर्यंत गेलं होतं. ते का गेलं हे शोधायचं.

पहिला संशय थर्मोस्टॅटचे संपर्क एकमेकांना चिकटल्याचा. अशा वेळी कटआउट पडण्याआधी पाणी नेहमीपेक्षा फार गरम येतं, नळ उघडताच वाफ फसफसते, दाबाच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. थर्मोस्टॅटचा नॉब सर्वात कमी तापमानावर ठेवूनही गरम पाण्यात 'हीटिंग'चा दिवा विझत नसेल तर थर्मोस्टॅट बदलाच. नवा घेताना दांडीची लांबी जुन्याइतकी आणि अँपिअर तितकेच किंवा जास्त बघून घ्या. दांडी आखूड असली किंवा तिच्या नळीत तळापर्यंत गेली नाही, तर तिला पाण्याचं खरं तापमान कळत नाही. गीझर जास्त तापतो आणि नवा भाग बसवूनही कटआउट पडतंच.

दुसरं कारण क्षार. पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट तापवल्यावर बाहेर पडतो आणि कॉइलवर पांढरा, खडबडीत थर धरतो. थर उष्णता अडवतो. कॉइल आतून जास्त तापते, पाण्याला कमी मिळतं. तापताना केटलसारखा कुरकुर, कडकड आवाज येणं ही त्याची खूण. पाणी जड असेल आणि थर्मोस्टॅट ७५ वर ठेवला असेल तर हे फार झपाट्याने होतं. ६० अंश बहुतेक घरांना पुरतात. पण ५० च्या खालीही कायम ठेवू नका, कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. आणि ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजतं, तेव्हा लहान मूल घरात असेल तर मिक्सरशिवाय वापरू नये.

तिसरं कारण ढिलं टर्मिनल. सैल स्क्रू तापतो, ती उष्णता शेजारच्या कटआउटला लागते आणि पाणी गार असतानाही ते पडतं. वायरीचं टोक कडक, काळं, ठिसूळ झालेलं दिसेल. तेवढा भाग कापून नवं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, दाबा.

चौथं सगळ्यात लबाड आहे. छतावरची टाकी रिकामी होते, खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडतं आणि गीझरमधलं पाणी गार पाण्याच्या लाइनने मागे ओढलं जातं. कॉइल उघडी पडते. नंतर कुणीतरी गीझर चालू करतं, कॉइल कोरडीच तापते, कटआउट पडतं किंवा कॉइल जळते. टाकी भरल्यावर गीझरही भरतो, त्यामुळे मेकॅनिकला सगळं आलबेल दिसतं. दरवर्षी कॉइल जळणाऱ्या घरात इनलेटवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आधी बघा. तो गायब असतो किंवा त्याच्या झडपेत कचरा अडकलेला असतो. गीझर निवल्यावर इनलेटचा फ्लेक्झिबल पाइप सोडला आणि व्हॉल्व्हमधून टाकीतलं पाणी खाली आलं, तर व्हॉल्व्ह काम करत नाही.

उघडून साफ करताना

वीज बंद, पाणी निवलेलं, इनलेटचा कॉक बंद. गरम नळ उघडा म्हणजे हवा शिरायला वाट मिळेल, मग इनलेट सोडून टाकी रिकामी करा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी अडवेल, म्हणून त्याची दाब सोडायची दांडी उचला किंवा तो काढा. वायरींचा फोटो आधी काढून ठेवा. फ्लॅंजचे (कॉइल बसवलेल्या धातूच्या चकतीचे) बोल्ट सोडल्यावर कॉइल हळू ओढा. थर फुगलेला असेल तर ती तोंडाशी अडते, हिसका दिला की वाकते.

थर पेचकसाने खरवडू नका. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून कॉइलचा फक्त पाण्यात राहणारा भाग दोन तास बुडवा, टर्मिनल वर कोरडी ठेवून. फसफस थांबली की नायलॉनच्या ब्रशने धुवा. संडास साफ करायचं तीव्र आम्ल वापरणारे भेटतात. त्याने थर पटकन जातो आणि पाठोपाठ कॉइलचं आवरणही. टाकीच्या तळाचा गाळ साध्या पाण्याने धुऊन काढा.

आतली मॅग्नेशियमची रॉड याच वेळी बघा. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. जाडी निम्म्यावर आली किंवा मधली तार दिसू लागली की बदला. जड पाण्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा तपासायला हवी. गरम पाणी लालसर येत असेल तर बहुधा ती संपून बराच काळ लोटलेला असतो, आणि टाकीच पाझरायला लागली असेल तर डागडुजी टिकत नाही.

बसवताना गॅस्केट नवंच घाला. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. पाणी सोडा आणि गरम नळातून हवा न अडखळता सलग धार येईपर्यंत थांबा. त्याआधी स्विच लावला तर नवी कॉइल मिनिटात जाते. गीझर एकदा पूर्ण तापल्यावर फ्लॅंजखाली कोरडा कागद फिरवून बघा, कारण तापताना दाब वाढतो आणि तेव्हा पाझर दिसतो.

पुरत नाही, किंवा जोर नाही

कधी दोष नसतोच, हिशेब चुकलेला असतो. १५ लिटर ६० अंशांचं पाणी २५ अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांचं केलं तर कागदावर ३५ लिटर होतं. थंडीत गार पाणी १५ अंशांवर आलं की तेच २७ लिटर होतं, आणि तापायला १८ ऐवजी २४ मिनिटं लागतात. मिनिटाला ८ लिटर सोडणारा शॉवर ते साडेतीन मिनिटांत संपवतो. त्यात नळ उघडल्यावर गार पाणी टाकीत मिसळत जातं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमीच. ३ किलोवॉटच्या इन्स्टंट गीझरचंही तसंच: मिनिटाला २ लिटरला तापमान २१ अंशांनी चढतं, ३ लिटरला फक्त १४ अंशांनी. नळ बारीक करणं हाच उपाय.

गार नळाला जोर आणि गरम नळाला धार बारीक, तर अडथळा गीझरच्या इनलेटपासून गरम नळापर्यंत कुठेतरी आहे. नळाची जाळी, फ्लेक्झिबल पाइपातलं मिटलेलं रबर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, या क्रमाने बघा. टाकी गीझरच्या फक्त दोन मीटर वर असेल तर दाब ०.२ बार इतकाच मिळतो आणि कडक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह त्यातला बराच खातो. व्हॉल्व्ह काढून टाकण्यापेक्षा हलक्या झडपेचा बसवा.

गॅस गीझर

नळ उघडला आणि टकटक ठिणगीचा आवाजच नाही, तर आधी सेल बदला, बहुतेकांत १.५ व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. सेल ठीक असूनही शांत, तर पाण्याचा दाब कमी आहे, इनलेटची जाळी भरली आहे किंवा पाण्याच्या दाबाने हलणारा रबरी पडदा फाटला आहे. ठिणगी पडते पण पेट घेत नाही: सिलिंडर आणि रेग्युलेटर. पेटून काही सेकंदांत विझतो: ज्योत ओळखणाऱ्या सळईवर काजळी, बारीक सॅंडपेपरने पुसा. बरोबर २० मिनिटांनी विझत असेल तर तो दोष नाही, अनेक मॉडेलमध्ये तसा सुरक्षेचा टायमर असतो. ज्योत निळी हवी. ती पिवळी झाली तर गॅस अर्धवट जळतोय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय, ज्याला रंगही नाही आणि वासही. असा गीझर बंद बाथरूममध्ये मुळीच नसावा.

सोलर

संध्याकाळी छतावर टाकीच्या आउटलेटलाच पाणी तपासा. तिथे गरम आणि बाथरूममध्ये गार, तर वर सांगितलेली मिसळ शोधा किंवा पाइपाची लांबी मोजा: १५ मिलिमीटर पाइपात मीटरला सुमारे ०.१८ लिटर पाणी मावतं, म्हणजे २० मीटरमध्ये साडेतीन लिटर आधी वाहून जाणारच. संध्याकाळी गरम पण पहाटे गार, तर रात्री गरम पाणी गार लाइनने मागे जातंय. तिथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा. संध्याकाळीही कोमट, तर उन्हात पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्यांवरची धूळ धुवा आणि तळाची चंदेरी टोकं बघा. एखादं टोक पांढरं पडलेलं असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली. ती नळी बदला. टाकी रिकामी पडून नळ्या उन्हात कोरड्या तापल्या असतील तर दुपारी पाणी सोडू नका, काच तडकते. रात्रभर निवू द्या आणि ऊन चढायच्या आत भरा.